सुट्टी दिवसांत मोजायची की रात्रींत?

सकाळी सात वाजून गेले की बोईसर स्थानकाच्या बाहेर दोन गर्द्या समोरासमोर येतात. एक विरार, सफाळे, केळवे रोड, पालघरकडून लोकलने उतरून कारखान्याच्या बसकडे धावणारी. दुसरी रात्रपाळी संपवून परतणारी, डोळे चुरचुरणारी, चहाच्या टपरीशी रेंगाळणारी. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. पलीकडे समुद्राकाठी 1969 पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आहे. यातली बरीच कामे रात्र झाली म्हणून थांबवता येत नाहीत. रसायनाची बॅच मध्यावर सोडता येत नाही, बॉयलर रोज विझवून रोज पेटवणे परवडत नाही. त्यामुळे हजारो माणसांचे जगणे भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा टाइम ऑफिसच्या फळ्यावर लागलेल्या महिन्याच्या तक्त्यावर चालते.

यातलाच एखादा कामगार दवाखान्यात येतो तेव्हा तक्रार पाळीची नसते. छातीत जळजळ, सकाळचे डोके दुखणे, औषध चालू असूनही न उतरणारा रक्तदाब, वरखाली होणारी साखर, घरात होणारी चिडचिड अशी ती असते. बोलता बोलता एक वाक्य मात्र हमखास येते, "रविवारी सुट्टी होती, दिवसभर लोळलो, पण थकवा काही गेला नाही." सुट्टी मिळाली होती, हे खरे. पण त्या सुट्टीत विश्रांती मिळाली होती का, हा वेगळा प्रश्न आहे. तो समजून घ्यायचा तर रात्रीच काम करणाऱ्या आणखी एका वर्गाकडे पाहावे लागेल. तो म्हणजे विमानांचे, विशेषतः मालवाहू विमानांचे वैमानिक.

रात्री उडणारा माल

कुरिअरचे पार्सल संध्याकाळी उचलले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शहरात पोहोचते. मधली रात्र विमानाची असते. भारतात ब्लू डार्टची मालवाहू विमाने असाच व्यवसाय करतात. अमेरिकेत यूपीएसचे केंद्र लुइव्हिलला आणि फेडेक्सचे मेम्फिसला आहे. देशभरची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास तिथे उतरतात, दोन-तीन तासांत पार्सलांची वाटणी होते आणि पहाटेपूर्वी तीच विमाने पुन्हा उडतात. त्या मधल्या वेळेत वैमानिकांना पडता यावे म्हणून केंद्रात झोपण्याच्या खोल्या ठेवलेल्या असतात.

या वैमानिकांचाही महिन्याचा तक्ता असतो. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत कोणत्या तारखांना कोणती उड्डाणे आणि कोणते दिवस मोकळे, असे तयार तक्ते जाहीर होतात. वैमानिक पसंती नोंदवतात आणि वाटप सेवाज्येष्ठतेने होते. चांगल्या सुट्ट्यांचे तक्ते जुन्यांना, उरलेले नव्यांना. काही जण राखीव असतात. कोणी आजारी पडले की त्यांना फोन येतो. बोईसरच्या कारखान्यातला 'रिलीव्हर' म्हणजे हाच. काही मालवाहू कंपन्यांत आठवडाभर सलग रात्री उड्डाण आणि पुढचा आठवडा मोकळा अशीही पद्धत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, महिन्यातले चौदा-पंधरा दिवस सुट्टी, मग तक्रार कसली? पण या क्षेत्राने काही विमाने आणि काही जीव गमावून एक धडा घेतला आहे: सुट्टीचे दिवस किती, एवढ्यावर विश्रांती ठरत नाही.

14 ऑगस्ट 2013 रोजी पहाटे पाचच्या आत यूपीएसचे एक मालवाहू विमान अमेरिकेतील बर्मिंगहॅम विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. दोन्ही वैमानिक मरण पावले. उतरण्याच्या पद्धतीतल्या चुका हे मुख्य कारण ठरले, पण तपास यंत्रणेने थकव्याचाही उल्लेख केला. सहवैमानिकेला कामाबाहेरचा वेळ मिळाला होता, मात्र त्या वेळात तिची झोप भरून निघाली नव्हती आणि उड्डाणाची वेळ शरीराच्या घड्याळाच्या विरोधात होती. म्हणजे कागदावर सुट्टी होती, शरीरावर नव्हती.

आपल्याकडची घटना याहून भीषण आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे प्रवासी विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना दरीत कोसळले आणि 158 जण मृत्युमुखी पडले. मुख्य वैमानिक प्रवासातला बराच वेळ गाढ झोपलेला होता, हे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून दिसले. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही काळ जड राहतो आणि निर्णय चुकतात, ही गोष्ट त्या चौकशीत ठळकपणे पुढे आली.

वैमानिकांची विश्रांती कशी मोजतात?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांच्या कामाचे सुधारित नियम जाहीर केले. बरीच ओढाताण होऊन ते 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून सलग 48 तासांवर गेली. एक विश्रांती संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत 168 तासांपेक्षा, म्हणजे सात दिवसांपेक्षा, जास्त काळ जाता कामा नये. 'रात्र' मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत धरली गेली. पूर्वी ती पाचला संपत असे. रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची संख्या सहावरून दोनवर आणली गेली.

यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 48 हा नाही. त्या 48 तासांत 'दोन स्थानिक रात्री' असल्याच पाहिजेत, हा आहे. सुट्टी तासांत मोजली, पण तिची कसोटी रात्रींवर लावली. माणूस दोन रात्री आपल्या अंथरुणात झोपू शकला का, हा त्यातला प्रश्न आहे.

हे नियम पाळणे सोपे नसते. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा नव्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक तक्त्यात बसत नव्हते. 5 डिसेंबरला सरकारने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली आणि 'रजा ही आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी धरता येणार नाही' ही अट मागे घेतली. विश्रांतीला मनुष्यबळ लागते आणि मनुष्यबळाला पैसा. अमेरिकेनेही 2014 पासून प्रवासी वैमानिकांसाठी कडक नियम लागू केले, पण खर्चाचा हिशेब मांडून मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळले. पार्सल नेणाऱ्याची झोप प्रवासी नेणाऱ्याच्या झोपेहून वेगळी कशी, हा प्रश्न ते वैमानिक आजही विचारतात. तोच प्रश्न जमिनीवरच्या रात्रपाळीलाही विचारता येतो.

एक रविवार, तीन मापे

कारखान्यांतली सुट्टी दिवसांत मोजली जाते. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला कामाचे 48 तास आणि एक पूर्ण दिवस सुट्टी ठरवली. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी त्यात वेगळे कलम होते. अशा कामगाराची 'पूर्ण दिवसाची सुट्टी' म्हणजे पाळी संपल्या क्षणापासूनचे सलग 24 तास. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आठवड्यात सहा दिवसांहून जास्त काम नको ही तरतूद आणि 24 तासांचे हे माप कायम आहे.

आता गणित करून पाहू. कारखाना सोमवारी सकाळी सातला सुरू होऊन रविवारी सकाळी सातला थांबतो. सात ते तीन पहिली पाळी, तीन ते अकरा दुसरी, अकरा ते सात रात्रपाळी. दर आठवड्याला पाळी पुढे सरकते.

पहिल्या पाळीचा कामगार शनिवारी दुपारी तीनला सुटतो आणि सोमवारी दुपारी तीनला दुसऱ्या पाळीवर येतो. त्याला 48 तास मिळाले, दोन रात्री मिळाल्या.

दुसऱ्या पाळीचा कामगार शनिवारी रात्री अकराला सुटतो आणि सोमवारी रात्री अकराला रात्रपाळीवर येतो. त्यालाही 48 तास आणि दोन रात्री.

रात्रपाळीचा कामगार रविवारी सकाळी सातला सुटतो आणि सोमवारी सकाळी सातला पहिल्या पाळीवर हजर होतो. त्याला 24 तास मिळाले, रात्र एकच. तीही अपुरी, कारण सात वाजता गेटवर पोहोचायचे तर पाचला उठावे लागते.

तिघांच्याही हजेरीपत्रकावर 'रविवार, सुट्टी' एवढेच लिहिलेले असते. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान सुट्टी येते. पाळी उलटी फिरवली, म्हणजे रात्रीनंतर दुसरी पाळी दिली, तर त्याला 32 तास मिळतात. रात्र तरीही एकच. वैमानिकांची दोन रात्रींची कसोटी लावली तर हा कामगार दोन्ही तक्त्यांत नापास होतो.

याच्या जोडीला 'डबल' असते. रिलीव्हर आला नाही की आठ तासांची पाळी सोळा तासांची होते. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट मिळतात, घरभाडे आणि गावाला पाठवायची रक्कम त्यातून निघते, म्हणून नाही म्हणणे अवघड जाते. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला नाही म्हणण्याची सोयही फारशी नसते.

मेंदूतले घड्याळ तक्ता वाचत नाही

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. या घड्याळाची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर जुळते. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली जाते. त्या वेळी सावधपणाही तळाला असतो. विमान क्षेत्रात पहाटे दोन ते सहा हा काळ धोक्याचा मानतात तो यामुळेच.

आठवडाभर रात्रपाळी केली तरी हे घड्याळ फिरत नाही, कारण सकाळी सातला घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडते आणि घड्याळाला 'दिवस उजाडला' असाच निरोप जातो. मग माणूस नऊला झोपतो आणि दोनला जागा होतो. रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप सामान्यपणे पाच-सहा तासांवर तुटते. रोज दोन तास कमी पडले, तर सहा दिवसांत बारा तासांचे कर्ज होते. ते एका रविवारी दुपारी लोळून फिटत नाही.

झोपेच्या तुटीचा परिणाम मोजलाही गेला आहे. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात 1997 मध्ये दिसले. 24 तास जागरण झाले तर ती 0.10 टक्क्यांच्या पातळीला येते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. सोमवारी सकाळी सातला उठलेला, दुपारी न झोपलेला कामगार रात्री अकराला पाळीवर चढतो. मध्यरात्री त्याचे 17 तास होतात. सकाळी सातला, बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकरांच्या रांगेतून मोटारसायकल काढताना, 24 तास झालेले असतात. पोलिसांच्या नळीत फुंकले तर काहीच दिसणार नाही.

चौथी रात्र पहिल्या रात्रीसारखी नसते

ब्रिटिश संशोधक फोकार्ड आणि टकर यांनी 2003 मध्ये पाळ्यांमधील अपघातांचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सकाळच्या पाळीच्या तुलनेत रात्रपाळीत इजेचा धोका सुमारे 30 टक्के जास्त निघाला. सलग रात्रींत तो चढत गेला: पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री 6 टक्के, तिसऱ्या रात्री 17 टक्के आणि चौथ्या रात्री 36 टक्के जास्त. पाळी आठ तासांवरून बारा तासांवर गेली की धोका सुमारे 27 टक्क्यांनी वाढला. 'सवय होते' हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

जगातील मोठे औद्योगिक अपघातही वेळेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. थ्री माइल आयलंडची अणुदुर्घटना पहाटे चारची, चेर्नोबिल रात्री एक वाजून 23 मिनिटांची, भोपाळची वायुगळती मध्यरात्रीच्या आसपासची. तिन्हींची मूळ कारणे वेगळी होती. सदोष रचना, देखभालीतली हयगय, चुकीचे निर्णय अशी ती होती. केवळ झोपेवर खापर फोडणे बरोबर नाही. पण बिघाड झाला तेव्हा त्याला तोंड देणारी माणसे दिवसातल्या सर्वांत मंद वेळेत होती, हेही खरे आहे. रसायनांचे कारखाने आणि अणुभट्ट्या शेजारी असलेल्या तालुक्याने ही बाब विसरू नये.

दीर्घकाळाचे नुकसान हळूहळू होते. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, वजनवाढ आणि पोटाच्या तक्रारी जास्त आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले आणि 2019 मध्ये तेच मत कायम केले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अहवालानुसार, आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. आठवड्यात दोन 'डबल' झाले की 48 चे 64 तास होतात.

झोपायचे कुठे?

तक्ता सुधारला तरी झोपायला जागा लागते. बोईसरच्या चाळींत पत्र्याच्या छपराखाली चार-सहा जणांची खोली असते. रात्रपाळीवाला झोपायला येतो तेव्हा दुसरे कोणी उठून डबा भरत असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्रा तापतो, समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, वीज गेली की पंखाही थांबतो. कुटुंब असेल तर मुलांची शाळा, रेशन, बँक, पाहुणे हे सगळे दिवसाच असते आणि 'तू घरीच आहेस ना' म्हणून ते रात्रपाळीवाल्याकडेच येते. विक्रमगड, जव्हार, डहाणूच्या पाड्यांवरून येणारे कामगार सुट्टी मिळाली की गावाला धावतात. भातलावणीच्या दिवसांत रात्री कारखान्यात आणि दिवसा शेतात असे दुहेरी काम करणारेही असतात. स्त्री असेल तर घरी पोहोचल्यावर पाळी संपत नाही, दुसरी सुरू होते.

म्हणून रात्रपाळीच्या माणसाची झोप हा एकट्याचा प्रश्न राहत नाही. घराने आणि शेजाऱ्यांनी ती जपावी लागते. दुपारी बारा वाजता झोपलेल्या माणसाला 'आळशी' म्हणणे हे रात्री दोन वाजता कोणाला उठवून तसे म्हणण्यासारखे आहे.

तक्ता बदलता येतो

तीन सुधारणा शास्त्राला धरून आहेत.

पहिली, आठवडा कुठे कापायचा ते बदलणे. वरच्या उदाहरणात कारखाना सोमवारी सकाळी सातऐवजी रविवारी रात्री अकराला सुरू करून शनिवारी रात्री अकराला थांबवला, तर रात्रपाळीचा कामगार शनिवारी सकाळी सातला सुटतो आणि सोमवारी सकाळी सातला परत येतो. त्याला 48 तास आणि दोन रात्री मिळाल्या. 24 तासांची लहान सुट्टी आता दुसऱ्या पाळीवरून रात्रपाळीत जाणाऱ्याच्या वाट्याला येते, पण त्याला शनिवारची अख्खी रात्र झोपून रविवारी दुपारी पुन्हा पडता येते. माणसे तितकीच, सुट्ट्या तितक्याच. सुट्टीचा दिवस कसा धरायचा हे मात्र कायद्याच्या चौकटीत बसवून घ्यावे लागेल.

दुसरी, सलग रात्री कमी करणे. सातही दिवस चालणाऱ्या कारखान्यांसाठी चार तुकड्यांची पद्धत आहे: दोन दिवस पहिली पाळी, दोन दिवस दुसरी, दोन रात्री, मग दोन दिवस सुट्टी. आठ दिवसांचे हे चक्र फिरत राहते. दुसरी रात्र सकाळी सातला संपते आणि पुढची पहिली पाळी बरोबर 48 तासांनी, दोन रात्री झोपून सुरू होते. आठवड्याची सरासरी 42 तास येते. यासाठी चौथी तुकडी लागते, हा खर्च आहे. पण बिघडलेल्या बॅचा, अपघात, गैरहजेरी आणि सोडून जाणारे अनुभवी हात यांचाही खर्च असतो. तो फक्त वेगळ्या रकान्यात लिहिला जातो.

तिसरी, पाळी पुढेच सरकवणे. शरीराचे घड्याळ 24 तासांहून किंचित लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. अमेरिकेतील युटा राज्यात खनिज रसायनांच्या एका कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट्या दिशेने फिरत. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी ती दिशा सुलटी केली आणि बदल 21 दिवसांनी केला. कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढले, असे त्यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केले. किती दिवसांनी फिरवावे यावर नंतर मतभेद झाले, आज युरोपात झटपट फिरणाऱ्या पाळ्यांना पसंती आहे. दिशेबाबत मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

कामगाराच्या हाती काय?

• पहिल्या रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपा. 17 तासांचे जागरण इथेच तुटते.

• पाळीत जेवणाच्या सुट्टीत परवानगी आणि सुरक्षित जागा असेल तर वीस मिनिटे डुलकी घ्या. अमेरिकेच्या नासाने वैमानिकांना उड्डाणात 40 मिनिटे विश्रांती दिली, ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि त्यांचा सावधपणा वाढला. उठल्यावर लगेच व्हॉल्व्हला हात लावू नका. तोंड धुवा, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या.

• चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्या. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो. पहाटे पाचचा कडक चहा सकाळची झोप मोडतो.

• मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी करा. मध्यरात्रीनंतर हलके खा. रात्री दोनला वडापाव आणि फरसाण पचवण्याच्या तयारीत आतडी नसतात.

• घरी जाताना काळा चष्मा लावा. मात्र डोळे मिटत असतील तर दुचाकी चालवू नका, कारखान्याची बस किंवा रिक्षा घ्या.

• खिडकीला जाड चादर, कानात कापसाचे बोळे, फोन बंद. झोप एका दमात होत नसेल तर सकाळी चार-पाच तास आणि संध्याकाळी दोन तास असे दोन भाग करा.

• झोपेसाठी दारू घेऊ नका. ती लवकर झोपवते आणि झोप मध्येच मोडते. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत.

• रात्रपाळी संपलेल्या सुट्टीत सकाळी दोन-तीन तासच झोपा, दिवसा उजेडात वावरा आणि रात्री लवकर पडा. त्या रात्रीची झोप लग्न, प्रवास किंवा ओव्हरटाइमला देऊ नका.

औषधे आणि पाळी

मधुमेह, फिट किंवा रक्तदाबाचा रुग्ण रात्रपाळी करत असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावे. 'सकाळी नाश्त्याआधी' लिहिलेली साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कामगार उपाशी झोपला, तर झोपेतच साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाची वेळ घड्याळाशी न बांधता जेवणाशी आणि झोपेशी बांधून घ्यावी लागते. फिट येणाऱ्यांना जागरणाने झटका येऊ शकतो. त्यांनी रात्रपाळी आणि उंचीवरचे काम टाळावे. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि झोपेत श्वास अडकून घोरणारे यांनीही पाळीबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. डॉक्टरांनीही प्रिस्क्रिप्शन लिहिण्यापूर्वी 'काम काय करता' यानंतर 'कोणत्या पाळीत' हा प्रश्न विचारायला हवा. पालघर जिल्ह्यात तो प्रश्न नाडी पाहण्याइतकाच आवश्यक आहे.

पुढच्या महिन्याचा तक्ता लागला की त्यावर एक गोष्ट तपासून पाहावी. रात्रपाळी जिथे संपते तिथे बोट ठेवून पुढच्या पाळीपर्यंतच्या रात्री मोजाव्यात. दोन भरल्या तर तक्ता चांगला. एकच भरली, तर कारखान्याच्या सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला तेवढे कारण पुरेसे आहे.